सरासरी पंचावन्न

मास्टर्स रोइंगमध्ये, म्हणजे वयाचे गट पाडून होणाऱ्या वल्हवण्याच्या शर्यतींत, वय चोरून चालत नाही, ते जन्मदाखल्यासकट पुढं ठेवावं लागतं. जागतिक संघटनेच्या नियमाप्रमाणे २७ वर्षांपासून पुढचा कोणीही मास्टर. त्यातही गट पाडलेत. ए गट २७ पासून, बी ३६, सी ४३, डी ५०, ई ५५, एफ ६०, आणि असं करत पार ८५ च्याही पुढं. वय धरायचं ते त्या कॅलेंडर वर्षात जे पूर्ण होणार ते. बोटीत एकाहून जास्त माणसं असतील तर सगळ्यांची सरासरी काढायची. शर्यत एक किलोमीटरची. ऑलिंपिकवाले दोन किलोमीटर मारत आलेत, २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये दीडच ठेवलंय. आम्हाला एक पुरे.

मी मुक्ताईनगरला शाळेत गणित शिकवते, म्हणून हिशेब माझ्याकडे. आमची बोट म्हणजे क्वाड. माणसं चार, प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही. मिश्र क्वाडमध्ये दोन बाया, दोन पुरुष. नाना ६१, अप्पा ५७, मी ५४ आणि बँकेतल्या मॅडम ४८. बेरीज २२०, भागिले चार, बरोबर ५५. म्हणजे ई गटात आमचा जेमतेम पाय ठरतो. चौघांपैकी कुणाच्याही जागी एक वर्षानं लहान माणूस आला, तरी आम्ही धाडदिशी खालच्या गटात आणि समोर पन्नाशीतली पोरं. हो, आमच्यात त्यांना पोरंच म्हणतात.

हे खूळ आलं सुभेदारांमुळे. बोदवडकडचा माणूस, सैन्यात असताना पुण्याला दापोडीच्या सीएमईत, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, रोइंग केलेलं. निवृत्त होऊन गावी आले, कापूस लावला, पण कापसात काही जीव रमेना. हतनूर धरणाचं पाणी मागं पार चांगदेवपर्यंत येतं, तिथं तापी आणि पूर्णेचा संगम आहे. देवळाला जाणाऱ्या लोकांनी ते पाणी आयुष्यभर पाहिलेलं असतं, दर्शन झालं की फोटो काढायला. सुभेदारांनी ते पाहिलं आणि त्यांना त्यात एक किलोमीटरचा सरळ पट्टा दिसला. कुठून तरी एक जुनी सिंगल, म्हणजे एकट्याची बोट, आणून ते पहाटे एकटेच वल्हवायला लागले. काठावर म्हशी धुणारी माणसं विचारायची, "सुभेदार, उलटे तोंड करून कुठं जाऊ राह्यले?" रोइंगमध्ये पाठ करूनच पुढं जायचं असतं, हे पटायला गावाला वर्ष लागलं. मलाही लागलंच.

क्वाड घेतली ती एका मोठ्या शहरातल्या क्लबानं काढून टाकलेली. अशा जुन्या बोटी विकायला निघतात. लांबी बारा मीटरच्या वर, वजन नव्या बोटीचं ५२ किलोच्या आसपास असतं, आमचीचं जास्त होतं, कारण तिच्या पोटात आधीच तीन ठिकाणी ठिगळं होती. चौथं ठिगळ आमचं. उतरवताना बांधावर टेकली आणि नखाएवढी चीर पडली. असल्या बोटीची दुरुस्ती खान्देशात कोण करणार? पण हा कूलरचा मुलूख आहे. भुसावळला फायबरच्या कूलरच्या टाक्या जोडून देणारा एक कारागीर आहे, त्याला अप्पांनी गाडीत घालून शेडमध्ये आणलं. त्यानं बोटीवरून हात फिरवला, चिरेभोवतीचा भाग पॉलिश पेपरनं घासून खरबरीत केला, फायबरच्या मॅटचा तुकडा ठेवला, रेझिनमध्ये हार्डनर मिसळून ब्रशनं दाबून दाबून बसवलं. उन्हाळ्यात हार्डनर कमी टाकायचा, नाही तर डब्यातच दगड होतो, हे त्यानं आम्हाला शिकवलं. वाळल्यावर परत घासलं, वरून रंग. पैसे विचारले तर म्हणाला, कूलरएवढेच द्या, पाणी तर सारखंच आहे, इथं बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही आणि तिथं आतलं बाहेर.

शेड अप्पांची. केळीच्या बागेला टेकू द्यायचे बांबू तिथं पडलेले असायचेच, त्यांचेच घोडे करून त्यांवर बोटी ठेवल्या. एका बाजूला घड मोजायचा काटा, दुसऱ्या बाजूला क्वाड. खिळ्याला दहा नंबरचे दोन पाने टांगलेले. बोटीच्या बाजूला जे लोखंडी हात असतात, ज्यांत वल्हं अडकतं, त्या रिगरचे नट बहुतेक सगळे दहाचे. पाना हरवला तर रोइंग बंद, म्हणून दोन. तरी दोन्ही हरवतात.

आता शिकण्याबद्दल. पहिल्यांदा बसले तेव्हा वाटलं होतं, हातानं ओढायचं. सगळ्यांनाच वाटतं. खरं काम पायांचं. बूड ठेवायची सीट रुळांवर पुढंमागं सरकते, पाय समोरच्या फळीवर बुटात बांधलेले. वल्हं पाण्यात रोवायचं, पायांनी फळी ढकलायची, मग कंबर मागं, सगळ्यात शेवटी हात. परत येताना उलटं. आधी हात, मग कंबर, मग गुडघे. वल्हं पाण्याबाहेर असताना त्याची पात आडवी करायची म्हणजे वारा लागत नाही आणि पाण्यात घालायच्या आधी परत उभी. दोन वल्ह्यांच्या मुठी मधे एकमेकांवरून जातात, डावी वर आणि उजवी खाली. हे कागदावर सोपं आहे. बोटीत डाव्या हाताची नखं उजव्या हाताच्या पाठीवर ओरखडे काढतात. वर्गात फळ्यावर लिहिताना पोरं विचारायची, बाई, मांजर पाळलंय का.

फोडांची गंमत निराळी. अप्पांचे तळवे म्हणजे खुरपं, पहार, केळीची कत्ती, सगळं पचवलेले. त्यांना वाटलं आपल्याला फोड येणारच नाहीत. आले. कारण घट्टे असतात एका जागी आणि वल्हं घासतं दुसऱ्या जागी, बोटांच्या मुळाशी. आठवडाभर ते गडी माणसांपासून हात लपवत होते.

पण सगळ्यात अवघड गोष्ट ताकदीची नाहीच. वल्हं बाहेर काढल्यावर पुढं येताना सावकाश यायचं, हे अवघड. जितका वेळ ढकलायला लागला त्याच्या दुप्पट वेळ परत यायला घ्यायचा. बोट तेव्हाच पळत असते, तुम्ही घाईनं पुढं आलात की तुमच्या अंगाचं वजन तिला मागं ढकलतं. आम्ही तिघं हे शिकायला महिने घालवत होतो आणि नानांना पहिल्याच आठवड्यात कळलं. नाना भुसावळचे, रेल्वेत लोको पायलट, मालगाड्या चालवत निवृत्त झालेले. म्हणाले, "हे कोस्टिंग आहे. गाडीनं वेग घेतला की हँडल बंद करायचं आणि तिला पळू द्यायचं. नवीन पोरगा तिथंच चुळबुळ करतो." त्यानंतर सुभेदार ओरडायचे ते एवढंच, "नानांकडे बघा!" मी बो सीटवर, म्हणजे सगळ्यांच्या मागे, माझ्यासमोर नानांची पाठ. बनियनवर घामाचा नकाशा असलेली ती पाठ जितकी सावकाश पुढं जायची तितकीच मी जायचे. त्या पाठीवर माझा इतका भरवसा बसला की सुभेदारांच्या शिट्टीची मला गरज राहिली नाही.

बो सीटवर आणखी एक काम असतं. सुकाणू माझ्या उजव्या पायाच्या बुटाला, आणि मान वळवून मागं, म्हणजे पुढं, बघत राहायचं. आमच्या पाण्यात बघण्यासारखं पुष्कळ. हिवाळ्यात लालसरीचे थवेच्या थवे आणि चक्रवाकांच्या जोड्या. पक्षी बघायला येणारी मंडळी काठावर दुर्बिणी लावून बसतात. आम्ही थव्याच्या मधून गेलो तर त्यांचा दिवस जातो, म्हणून आमचा पट्टा त्यांच्याशी बोलून दोनदा सरकवलेला आहे. जलपर्णी आली की तिसऱ्यांदा सरकतो.

खरी भानगड जाळ्यांची. भोई लोकांची जाळी रात्री पाण्यात असतात, खूण म्हणून थर्मोकोलचा तुकडा नाही तर पाण्याची रिकामी बाटली. पहाटेच्या अंधुक उजेडात ती बाटली दिसत नाही आणि दिसली तरी जाळं तिच्या कुठल्या बाजूला पसरलंय ते कळत नाही. बोटीच्या पोटाखाली हाताएवढं एक पातं असतं, सरळ जाण्यासाठी. त्यात जाळ्याचा दोरा अडकला की बारा मीटरची बोट पाण्यात खिळा मारल्यासारखी थांबते आणि आपण चौघं एकमेकांच्या पाठीवर. मग मॅडमनी वल्ही धरून तोल सांभाळायचा, मी पोटावर झोपून पाण्यात हात घालायचा, दोरा न तोडता सोडवायचा. तोडायचा नाही, हा सुभेदारांचा पहिल्या दिवसापासूनचा कडक नियम. एकेका जाळ्यावर एकेक घर चालतं. पुढं भोई मंडळींनीच तोड काढली. आमच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे कॅन बांधून दिले, सकाळी आठपर्यंत आतला भाग आमचा, त्यानंतर त्यांचा. आणि आठनंतर आम्हालाही पाण्यावर काही काम नसतं. हिवाळा सोडला तर तेवढ्यात वारा उठतो आणि मे महिन्यात भुसावळचं ऊन म्हणजे काय ते वर्तमानपत्रात सगळा महाराष्ट्र वाचतोच.

पावसाळा कोरडा जातो. हतनूरला ४१ दरवाजे आहेत आणि तापीला पूर आला की त्यातले किती उघडले याचीच बातमी रोज. पाणी गढूळ, ओंडके वाहतात, ओढ असते. सुभेदार पाण्याजवळ फिरकू देत नाहीत. मग शेडमध्ये एर्गो, म्हणजे रोइंगचं मशीन. पंखा फिरतो, समोरच्या डब्यात आकडा दिसतो, पाचशे मीटरला किती वेळ लागला तो. बोटीत चार माणसांत आपलं थोडं झाकून जातं, एर्गोवर काही झाकत नाही. मॅडम त्यावर बसल्या की बँकेतलं सगळं साठलेलं काढतात, त्यांचा आकडा अप्पांपेक्षाही चांगला येतो. अप्पा म्हणतात मशीन बिघडलंय.

स्पर्धा नाशिकजवळच्या एका धरणावर, थंडीच्या अखेरीस. बोट यजमान क्लबाची, वल्ही आपापली. लहान क्लबांना हेच परवडतं, बारा मीटरची बोट घेऊन धुळ्याच्या वळणावर ट्रॅफिक कोण थांबवणार. नानांचा आग्रह रेल्वेनं जायचा होता. पण जवळजवळ तीन मीटरची आठ वल्ही डब्यात घेऊन जायची सोय त्यांनाही सापडली नाही, तेव्हा बोलेरोच्या टपावर, गोधड्यांत गुंडाळून. टोलवरच्या माणसानं विचारलं, बोअरचे पाइप का? अप्पांनी हो सांगितलं. समजावत कोण बसतं.

चांदवड आलं की आमच्या गाडीत दत्तू भोकनळचं नाव निघणारच. त्याच तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. दुष्काळी गाव, बापाबरोबर विहिरी खणलेल्या, सैन्यात गेल्यावर वल्हं हाती आलं, आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये तेरावा. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत भारतानं सुवर्ण मिळवलं त्या क्वाडमध्येही तो होता. पुण्यात इंग्रजांच्या काळापासून बोट क्लब आहेत, पण ऑलिंपिकला गेला तो ज्याच्या गावाला टँकरची सवय त्या तालुक्यातला. सुभेदार हे सांगताना दर वेळी खिडकीची काच खाली करतात, का ते माहीत नाही.

रात्री लॉजचा जिना उतरताना नानांचा गुडघा धरला. सकाळी पाहिलं तर सूज दिसत होती. आमच्याबरोबर सुभेदारांचा भाचा होता, बोलेरो चालवायला आलेला. वय ३२, वल्हवतोही झकास. सुभेदार म्हणाले, नाना बसा, हा बसेल. अप्पा लगेच तयार. म्हणाले, जवान माणूस आला तर बोट उडेल.

मी चहाच्या बिलामागं हिशेब केला. २२० वजा ६१ अधिक ३२, झाले १९१. भागिले चार, पावणेअठ्ठेचाळीस. म्हणजे ई वरून थेट सी. मधला डी सुद्धा नाही. नाना असताना आम्हाला जी सूट मिळणार होती ती सगळी गेली, वर पुण्याच्या संघाशी बरोबरीनं. त्या दिवशी मिश्र क्वाडच्या बोटी तीनच आल्या होत्या, म्हणून आयोजकांनी गट एकत्र करून एकच शर्यत ठेवली होती आणि वयाप्रमाणे सेकंदांची सवलत दिली होती. पुण्याचा संघ सी मध्ये, सवलत शून्य. यजमान डी मध्ये, चार सेकंद. आम्ही ई मध्ये, नऊ. भाचा नऊ सेकंदांचा आहे का, एवढाच प्रश्न होता. मी तो विचारला. सुभेदार गप्प. भाचा स्वतःच म्हणाला, नाही हो बाई.

"मले कुठं चालायचं हाये?" नाना म्हणाले. "बसूनच तर करायचं."

मग सुभेदारांनी जे केलं ते मला अजून आवडतं. त्यांनी नानांना आराम दिला नाही आणि जोर लावायलाही सांगितलं नाही. सगळ्यांचीच सरक कमी केली. नानांचा गुडघा पूर्ण दुमडत नव्हता, तर कुणीच पूर्ण पुढं यायचं नाही, पाऊण यायचं. चौघांच्या पायफळ्या एकेक खाच सरकवल्या. वल्हं पाण्यात कमी लांब जाणार, तर मिनिटाला मारायचे फटके वाढवायचे, सव्वीसऐवजी तीस. एकट्या नानांनी छोटं मारलं असतं तर बोट वेडीवाकडी झाली असती. चौघांनी छोटं मारलं तर ते फक्त छोटं. यजमानांच्या पोरांकडून आम्ही पाना मागितला, कारण आमचे दोन्ही शेडमध्ये खिळ्याला.

शर्यतीबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. साडेचार-पावणेपाच मिनिटांचं काम. अटेन्शन म्हणतात, मग गो, आणि त्यानंतर मला नानांची पाठ, मॅडमचा श्वास आणि उजवीकडून येणारा वारा एवढंच माहीत होतं. सुरुवातीला पुण्याची बोट निघून गेली, ती दिसलीच नाही. बो सीटवरून पुढची बोट दिसायला मान वळवावी लागते आणि मी वळवली नाही. पाचशेच्या खुणेला यजमान आमच्या बरोबरीनं होते. तिथं मॅडमनी वेग वाढवला. बहुतेक त्यांना कुणीतरी कर्जमाफीबद्दल विचारल्याचं आठवलं असावं. अप्पा मधेच एकदा "हाण!" म्हणाले, जे बोटीत बोलायचं नसतं. नानांची पाठ तीसच्या गतीतही परत येताना सावकाशच येत होती. शेवटच्या शंभर मीटरात माझ्या मांड्यांत काही उरलं नव्हतं, तरी ती पाठ पुढं गेली की मी जायचे, झालं.

पाण्यावर आम्ही तिसरे. तिघांत तिसरे. पुण्याच्या मागं बारा सेकंद, यजमानांच्या मागं दोन. काठावर आमच्यासाठी टाळ्या जरा जास्तच वाजल्या, शेवटच्यांसाठी वाजतात तशा. मग कागद लागला. बारातून नऊ गेले, उरले तीन. यजमानांचे दहातून चार गेले, उरले सहा. आम्ही दुसरे.

यजमान संघातल्या एका बाईंना हे मुळीच आवडलं नाही आणि त्यांनी ते हसत हसत दोनदा सांगितलं. पाण्यावर पुढं असलेला पुढं, हे शाळकरी पोराला कळतं, असं त्यांचं म्हणणं. अप्पासुद्धा त्यांच्याच बाजूचे निघाले, पदक गळ्यात घालून. मला मात्र त्यात काही गैर वाटत नाही. साठीतला गुडघा आणि चाळिशीतला गुडघा एकाच घड्याळानं मोजायचा तर मास्टर्स हा प्रकार काढलाच कशाला? तरुणांच्या स्पर्धा आहेतच की. इथं मुळात कबुली आहे की शरीर दर वर्षाला थोडं गमावतं, आणि जे गेलं ते सेकंदांत मोजून परत मिळतं.

परतीच्या वाटेवर धुळ्याला शेवभाजी खाताना नानांनी विषय काढला. पुढच्या वर्षी एफ गटात जाता येईल का? सवलत आणखी वाढेल. मी हातातला पाव ठेवून हिशेब सांगितला. पुढच्या वर्षी आपलं सगळ्यांचं एकेक वाढणार, बेरीज २२४. साठच्या सरासरीला लागतात २४०. सोळा कमी पडतात.

"मग एकच माणूस बदलायचा ना," नाना म्हणाले. "बाया दोन लागतातच. मी तर आहेच."

टेबलावर जरा वेळ कुणी बोललं नाही. उरलेल्या तिघांचे १६६ होतात. २४० मधून वजा केले तर ७४. मी आकडा सांगितला, तो सांगायला नको होता का कोण जाणे. नानांनी तिथल्या तिथं फोन काढला. भुसावळला त्यांच्या ओळखीचे निवृत्त रेल्वेवाले ढीगभर आहेत. चौऱ्याहत्तरच्या आसपासचा, बीपी नसलेला आणि मुख्य म्हणजे पोहता येणारा कोण आहे, याची चौकशी धुळ्यापासून पारोळ्यापर्यंत चालली. अजूनही चालू आहे. एक माजी टीसी जवळजवळ ठरले होते, पण त्यांना पोहता येत नाही आणि सुभेदार त्यावर ऐकत नाहीत. पन्नास मीटर पोहून दाखवल्याशिवाय ते कुणालाही बोटीला हात लावू देत नाहीत.

अप्पा या सगळ्यात काही बोलत नाहीत. मागच्या रविवारी फक्त शेडला नवीन कुलूप लावलेलं दिसलं, आणि चावी कुठं म्हणून नानांनी विचारलं तर म्हणाले, "चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला विचारा."